वरच्यांची रजा

रजा घ्यावी ती आमच्या वरच्यांनीच. बाकीचे सगळे नुसते घरी बसतात. गॅसचा नंबर लावायला, पोराच्या मास्तरांना भेटायला, दाढ काढून घ्यायला लोक रजा टाकतात हे कळलं की वरच्यांना मनापासून वाईट वाटायचं. "दाढेसाठी रजा घेतली?" असं ते विचारायचे आणि विचारताना स्वतःचाच गाल धरायचे. त्यांच्या हिशेबी रविवार कारखान्याचा, दसरा-दिवाळी सरकारची, आजारपण डॉक्टरचं. माणसाचा स्वतःचा असा वर्षात एकच दिवस. तो म्हणजे कारखाना चालू असताना, सगळे घाम गाळत असताना आणि अंगात काहीएक दुखत नसताना घेतलेली रजा. हा दिवस फाल्गुनात, रंगपंचमी होऊन पळस फुलला की, भोपाळच्या बाहेरच्या चुनखडीच्या डोंगरावर घालवायचा. नोकरी लागल्यापासून निवृत्तीपर्यंत त्यांनी हा नियम पाळला आणि शेवटची बरीच वर्षं मी, टूलरूमचे देशपांडे आणि स्टोअरमधले तिवारीजी अशा आम्हा तिघांनाही पाळायला लावला.

'वरचे' म्हणजे आमच्या क्वार्टरच्या वरच्या मजल्यावर राहणारे. त्यांना नाव होतं, दारावर पितळी पाटी होती, पण आमच्या घरात ते पहिल्या दिवसापासून 'वरचे'च होते. "वरच्यांना विचारा", "वरच्यांनी सांगितलंय", "वरच्यांची कृपा, आज पाणी आलं" असं आमचं दिवसभर चालायचं. माझ्या सासूबाई नाशकाहून पहिल्यांदा आल्या तेव्हा दोन दिवस हे ऐकून त्यांनी लेकीला बाजूला घेतलं आणि जावई इतके देवभोळे कधीपासून झाले, असं विचारलं. वरचे फाउंड्रीत, म्हणजे ओतशाळेत, फोरमन होते. मूळचे अमरावतीकडचे. भट्टीसमोर उभं राहून त्यांचा चेहरा भाजल्या वांग्यासारखा झाला होता आणि त्यात दोन अतिशय हसरे डोळे होते. घरात वऱ्हाडी, कारखान्यात हिंदी आणि साहेबापुढे दोन्हींची मिसळ, अशी त्यांची भाषा. मी प्लॅनिंगमध्ये होतो, म्हणजे जी कामं वेळेवर व्हायची नव्हती त्यांचे तक्ते मी वेळेवर करत असे. "तुमचं बरं हाये," ते मला म्हणायचे. "तुमचं लोखंड कागदावरच वितळते."

शेजारधर्माच्याही त्यांच्या काही खास कल्पना होत्या. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात त्यांनी आमच्या मागच्या अंगणात शेवगा लावला. अंगण आमचं, खड्डा मी खणला, आणि शेवगा त्यांचा. "दोन वर्षांत माह्या बाल्कनीपर्यंत येईल," ते म्हणाले. "मुळं तुमची, शेंगा माह्या. सावलीचं पाहून घेऊ." पाणी ते वरूनच घालत. सकाळी बाल्कनीत येऊन बादली उपडी करायची. नेम चांगला होता, पण वारा असला की आमच्या दोरीवरचे वाळलेले कपडे परत ओले व्हायचे. माझ्या बायकोनं एकदा तक्रार केली तेव्हा त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, जिना उतरून आल्या, सगळे कपडे गोळा करून वर घेऊन गेल्या आणि संध्याकाळी इस्त्री करून परत आणून दिले. दुसऱ्या दिवशी बादली पुन्हा उपडी झाली.

या माणसानं भोपाळात घर मात्र बांधलं नाही. टाउनशिपमधले शहाणे लोक चाळिशीतच प्लॉटच्या मागे लागत. आमच्या टूलरूमच्या देशपांड्यांनी अशोका गार्डनमध्ये दोन मजली घर बांधलं, तिवारीजींनी भावाच्या शेजारी जागा घेतली, मीसुद्धा धडपडत काहीतरी पदरात पाडून घेतलं. वरचे आमच्या प्रत्येकाच्या वास्तुशांतीला आले, पोटभर जेवले आणि परत जाताना म्हणाले, "एवढं मोठं क्वार्टर देऊन राहिले, मंग घर कायले?" क्वार्टर कारखान्याचं असतं आणि निवृत्त झालं की किल्ली परत द्यायची असते, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांनी ते कधी मनावर घेतलं नव्हतं, एवढंच. स्वतःच्या खर्चानं त्यांनी स्वयंपाकघराला फरशी घातली, बाल्कनीला जाळी बसवली, दर दिवाळीला रंग दिला. टाउनशिपमध्ये अशी चूक बरेच जण करत, पण इतक्या मन लावून केलेली मी दुसरी पाहिली नाही.

तर त्यांची रजा. कुठल्याही सरकारी कारखान्यात मार्च महिना म्हणजे लगीनघाई. वर्षभर निवांत चाललेलं सगळं उत्पादन शेवटच्या महिन्यात बाहेर काढायचं असतं, आणि त्या महिन्यात रजा मागणारा माणूस लग्नमंडपात सासऱ्याकडे उसने पैसे मागणाऱ्या नवरदेवासारखा दिसतो. नेमक्या याच महिन्यात वरचे साहेबाच्या केबिनमध्ये जाऊन उभे राहायचे. साहेब विचारायचे, "कोई खास काम है?" हे म्हणायचे, "जी साहब. पलाश फूल गया." पहिल्या वर्षी साहेबाला ही काहीतरी घरगुती अडचण वाटली आणि त्यांनी सहानुभूतीनं रजा दिली. पुढं साहेब बदलत गेले, पण प्रत्येक जण जाताना नव्या साहेबाला भट्टीच्या तब्येतीबरोबर हेही सांगून जात असणार, कारण रजा कधी नाकारली गेली नाही. एका कडक साहेबानं मार्च एंडची आठवण करून दिली तेव्हा वरचे शांतपणे म्हणाले होते, "पलाश को भी बोल के देखा साहब, वो मानता नहीं." आम्हा तिघांची रजा त्यांच्या रजेच्या मागोमाग, इंजिनामागच्या डब्यांसारखी, सुटत असे.

त्या दिवशी सकाळी आम्ही शहराबाहेर जाणाऱ्या बसनं शेवटच्या थांब्यापर्यंत जायचो आणि तिथून चालू लागायचो. वरच्यांच्या पायात कारखान्याचे, बोटांवर पोलादी टोपी असलेले बूट, डोक्याला गमछा, खांद्यावर वहिनींनी भरून दिलेली पिशवी. आधी शेतं लागत, गहू कापणीला आलेला असे. मग मोहाची झाडं लागत, खाली फुलांचा सडा आणि त्याचा तो गोड, जरा आंबूस वास. आणि मग एकदम माती संपायची आणि दगड सुरू व्हायचा. भोपाळच्या आसपास दगड सगळीकडेच आहे, पण तो तांबूस. हा डोंगर तेवढा करडा-पांढरा, चुनखडीचा. पावसानं खाऊन खाऊन त्याला अशी भोकं आणि असे धारदार कंगोरे पडले होते की बसायला जागा शोधताना चारदा हात फिरवून बघावं लागायचं. त्या खडकांच्या फटींतून कांडोळाची पांढरी, गुळगुळीत झाडं वाकडीतिकडी वर आलेली, अंगावर पान नाही. आणि उतारावर जिथं बघावं तिथं पळस. कारखान्याच्या धुरातून आलेल्या डोळ्यांना तो रंग पहिल्यांदा सोसायचाच नाही.

वाट अशी नव्हतीच. सगळे खडक सारखे, सगळ्या घळी सारख्या. वरचे घड्याळ वापरत नसत. त्यांचं घड्याळ आणि त्यांची दिशा म्हणजे कारखान्याचा भोंगा. तो तिथपर्यंत बारीक, पण स्पष्ट ऐकू यायचा. भोंगा पाठीवर घेऊन जायचं आणि तोंडावर घेऊन परत यायचं, एवढाच त्यांचा नकाशा होता. देशपांड्यांना असला अडाणी कारभार पटत नसे. टूलरूममध्ये केसाच्या जाडीचा फरक मोजण्यात त्यांचा जन्म गेलेला, त्यामुळे ते कुठल्याही गोष्टीला "बरोबर" असं म्हणत नसत, "जवळपास बरोबर" म्हणत. एका वर्षी ते होकायंत्र घेऊन आले. एका सपाट खडकावर त्यांनी ते ठेवलं, आम्ही सगळे भोवती वाकलो. वरचे काय चाललंय ते बघायला अगदी खेटून उभे राहिले, आणि सुई थरथरत त्यांच्या पोलादी बुटाकडे वळली. "पाहा," वरचे म्हणाले, "तिलेही माहीत हाये कोणाच्या मागं जायचं ते." होकायंत्र पुन्हा कधी आलं नाही.

भोंग्याचा दुसरा उपयोग जेवणासाठी. जेवणाचा भोंगा झाल्याशिवाय डोंगरावर कोणी तोंडात घास घालायचा नाही, हा त्यांचा कायदा. रजेवर असलो तरी काय झालं, तिकडे आपली माणसं भट्टीसमोर उभी आहेत. ती जेवायला बसतील तेव्हा आपण बसायचं. यात सगळ्यांत हाल तिवारीजींचे. ते स्टोअरमध्ये होते, देहानं प्रशस्त, स्वभावानं मऊ आणि भुकेला अतिशय कच्चे. डबे उघडलेले, वहिनींच्या कोथिंबिरीच्या सांबारवड्यांचा वास सुटलेला, आणि आम्ही चौघं मांडी घालून भोंग्याची वाट बघत बसलोय. "भाईसाहब," तिवारीजी काकुळतीला येऊन म्हणायचे, "पेट को कौन समझाए, इसको टाइम देखना नहीं आता." वरचे नुसते कानाकडे बोट दाखवायचे. एकदा दूर कुठल्यातरी ट्रकनं हॉर्न दिला आणि तिवारीजींनी तोच भोंगा समजून एक वडी तोंडात टाकली. वरच्यांनी त्यांना ती चावू दिली, गिळू दिली, आणि मग एवढंच म्हणाले, "अजून वाजला नाही, तिवारीजी." खरा भोंगा होईपर्यंत बिचारे मान खाली घालून बसले होते.

पोह्यांबरोबर लिंबू यायचं, पण ते आमच्या वाट्याला कधी आलं नाही. वरचे ते अर्धं कापून खडकावर पिळायचे आणि वाकून बघत बसायचे. अस्सल चुनखडीवर आंबट पडलं की बारीक फसफस होते. ती झाली की त्यांचा चेहरा असा फुलायचा, जणू पोरगं पहिल्या नंबरानं पास झालं. दर वर्षी, त्याच डोंगरावर, त्याच खडकांवर. मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो, मागच्या वर्षीही चुनखडीच होती." ते म्हणाले, "विचारपूस करायला पाहिजे जी." मग त्यांनी मला भट्टीतली गोष्ट समजावून सांगितली. लोखंड वितळवताना त्यात चुनखडी टाकतात. ती लोखंडातली सगळी घाण स्वतःच्या अंगावर घेते आणि मळी होऊन वर तरंगते. मग मळी फेकून देतात आणि लोखंड घेऊन जातात. "हिचं नाव कुठं येत नाही," खडकावर हात ठेवून ते म्हणाले, "पण हिच्याशिवाय काम होत नाही." मी जेवणाकडे वळलो. पोहे लिंबाशिवाय फार काही वाईट लागत नाहीत, असं माझं मत हळूहळू होत गेलं.

आणि त्यांचं थांबणं. दहा पावलं चालायचे आणि थांबायचे. दम लागला असं कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून प्रत्येक थांब्याला काहीतरी निमित्त लागे. बहुतेक खडकांना त्यांनी कारखान्यातल्या अधिकाऱ्यांची पदं वाटली होती. वाटेत आडवा पडलेला, पोट सुटलेला एक दगड अकाउंट्सचे साहेब. त्यांच्यावर पाय देऊनच पलीकडे जावं लागायचं आणि वरचे तो पाय जरा रेंगाळवायचे. एक उंच, अर्धवट कललेला सुळका युनियनचे नेते. "किती वर्षं झाली, पडतो पडतो म्हणते, पडत काही नाही." एका कांडोळाला ते रामराम करायचे, कारण ते झाड त्यांच्या वारलेल्या मोठ्या भावासारखं उभं राहतं असं त्यांचं म्हणणं होतं. तिथं ते खरोखरच डोक्यावरचा गमछा काढून उभे राहत आणि देशपांडेसुद्धा तेव्हा "जवळपास" वगैरे म्हणत नसत. असं करत करत माथ्यावर पोचायला दुपार होई, जेवून गप्पा मारता मारता ऊन कलायचं, सुटायचा भोंगा व्हायचा, वरचे धूळ झटकून "चला" म्हणायचे आणि आम्ही दिवेलागणीला घरी येत असू.

मग एका फेब्रुवारीत वरचे निवृत्त झाले. हार झाले, भाषणं झाली, भिंतीवरचं घड्याळ भेट मिळालं. ते त्यांनी लावलं नाही. मुलगा पुण्याला मोटारींच्या कारखान्यात होता, त्याला नुकताच मुलगा झाला होता, आणि एप्रिलअखेर क्वार्टर सोडायचं होतं. वहिनींनी बांधाबांध सुरूही केली. त्यांना जायची घाई होती आणि ती त्यांनी लपवली नाही. "नातवाला मी अजून फोटोतच बघतेय," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. "आणखी किती दिवस यांच्या भट्टीची कौतुकं करू?" वरचे मात्र या विषयावर बोलतच नसत. वर सामान सरकवल्याचा आवाज आला की ते खाली आमच्याकडे येऊन बसत, चहा घेत, आणि वर काहीच चाललं नसल्यासारखे शेवग्याच्या शेंगांबद्दल बोलत. आम्ही तिघांनीही आपापसांत खूप चर्चा केली. त्यांना ठेवून घ्यावं असं प्रत्येकाला वाटत होतं आणि कसं, ते कोणालाच सुचत नव्हतं.

त्या वर्षी आम्हाला रजा मिळाली नाही. पुढचं इंजिनच नाहीसं झालं होतं. मार्चमध्ये साहेबापुढे उभं राहून पळसाचं नाव काढायची हिंमत आमच्यापैकी एकातही नव्हती. शेवटी डोंगरावर रविवारी जायचं ठरलं. वरच्यांना हे सांगायला मी जिना चढलो तेव्हा मला वाटलं होतं, ते साफ नाही म्हणतील. ते बाल्कनीतून शेवग्यावर बादली उपडी करत म्हणाले, "रविवारी? बरं. रविवारी जाऊ."

सगळं नेहमीसारखंच झालं. बस, गहू, मोह. अकाउंट्सच्या साहेबांवर पाय ठेवून झाला, कांडोळाला रामराम झाला, जरा जास्त वेळ झाला. माथ्यावर डबे उघडले आणि आम्ही मांडी घालून वाट बघत बसलो. ऊन चढलं, वड्यांवर मुंग्या आल्या, तिवारीजी दोनदा उगाच खोकले. बऱ्याच वेळानं देशपांड्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा विचित्र झाला. "अहो," ते म्हणाले, "आज रविवार आहे. भोंगा वाजणारच नाही." सगळा जन्म कारखान्यात काढलेली आम्ही चार माणसं, आणि सुट्टीच्या दिवशी भोंग्याची वाट बघत उपाशी बसलो होतो. आम्ही खूप हसलो. वरचेही हसले आणि म्हणाले, "जेवा मंग. कधीही जेवा." आता परवानगी मिळाली तर तिवारीजींनी दोनच वड्या खाल्ल्या आणि डबा बाजूला सरकवला.

दुपार कलली. पळसावर तिरपं ऊन आलं. देशपांडे उठले, पिशवी उचलली आणि म्हणाले, "निघू या का?"

"भोंगा झाला?" वरच्यांनी विचारलं.

"मघाशीच नाही का बोललो आपण? रविवारी वाजत नाही."

"तेच म्हणतो मी," वरचे म्हणाले. "भोंगा झाल्याशिवाय उठायचं नाही असं ठरलं हाये आपलं. आज तो वाजतच नाही. मंग उठायचं कायले?"

आम्हाला ही त्यांची नेहमीची गंमत वाटली आणि आम्ही हसायला तोंड उघडलं, पण ते हसत नव्हते. खडकावर दोन्ही हात टेकून समोर बघत बसले होते. रविवार आहे हे त्यांना सकाळपासून माहीत होतं. किंबहुना म्हणूनच ते इतक्या मुकाट्यानं रविवारी यायला तयार झाले होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"मले नाही जायचं जी," ते म्हणाले.

डोंगर उतरण्याबद्दल ते बोलत नव्हते हे सांगायला नकोच. "पोरगा चांगला हाये. सून चांगली हाये. नातवासाठी जीव तुटते, खोटं कायले सांगू. पण सकाळी उठून मी पाहू कुठं? बोलू कोणाशी? इथं रस्त्यानं चाललो तर दहा लोक विचारते, आज भट्टी कशी हाये. तिथं मले कोणी काही विचारलं तर सांगू काय?" एवढं सलग ते दगडांखेरीज दुसऱ्या कशाबद्दल कधी बोलले नव्हते.

देशपांडे पुन्हा खाली बसले. पिशवी बाजूला ठेवून म्हणाले, "माझ्याकडे वरचा मजला रिकामा आहे. भाड्याचं बोलायचं नाही. उद्या या राहायला." देशपांडे असं काही बोलू शकतात हे आम्हाला माहीत नव्हतं. बहुधा त्यांनाही नसावं.

वरच्यांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "येतो म्हणालो असतो हो," ते म्हणाले. "पण तिनं नातवासाठी टोपडी शिवून ठेवली. तीस वर्षं माह्या मागं इथं राहिली ते बिचारीनं कधी बोलून नाही दाखवलं. आता तिची पाळी हाये." म्हणजे सगळं ठरलेलंच होतं. त्यांना फक्त एकदा नाही म्हणून बघायचं होतं, आणि घरात ते म्हणता येत नव्हतं.

सूर्य खाली गेला. आणखी उशीर झाला असता तर त्या कंगोऱ्यांवरून अंधारात उतरणं कठीण होतं, पण "चला" म्हणायला कोणाची जीभ उचलेना. तेव्हा तिवारीजी उठले. एका खडकावर चढले, दोन्ही हातांचे तळवे तोंडाशी धरले आणि पोटातून भोंगा काढला. आधी बारीक, मग चढत गेलेला, मग लांबच लांब एका पट्टीत, आणि शेवटी हळूहळू उतरत आलेला, अगदी कारखान्याचा असतो तसाच. त्यांचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा फुगल्या. खाली चरणाऱ्या गाईंनी माना वर केल्या. एरवी मी हसून गडबडा लोळलो असतो. वरचे मान किंचित कलती करून तो आवाज पुरता संपेपर्यंत ऐकत राहिले. मग उठले, धूळ झटकली, तिवारीजींना हात देऊन खडकावरून उतरवून घेतलं आणि म्हणाले, "चला. सुटला कारखाना."

उतरताना ते एकदाही थांबले नाहीत. आम्हाला भीती होती की भोंग्यावाचून वाट चुकेल, पण ते अंधूक उजेडात सरळ खाली उतरत गेले. त्यांच्या बुटांचा दगडावरचा आवाज तेवढा ऐकत आम्ही मागून चाललो होतो. त्यांना वाट पहिल्यापासून पाठ होती.

एप्रिलअखेरीला ते गेले. स्टेशनवर वहिनी माझ्या बायकोच्या गळ्यात पडून रडल्या, आणि वरचे डब्यातल्या एका अनोळखी माणसाला चुनखडीबद्दल काहीतरी समजावून सांगत होते. गाडी हलली तरी त्यांचं ते संपलं नव्हतं. मला ते बरं वाटलं. पुण्याहून अधूनमधून त्यांचा फोन यायचा. नातवाला खांद्यावर घेऊन रोज टेकडीवर जातात असं ते सांगत. "इथं टेकडीवर रांग लागते जी," ते म्हणाले. "अन् कोणी थांबत नाही. सगळे घाईत. अकाउंट्सच्या साहेबासारखा एक दगड सापडला हाये, पण त्याच्यावर आधीच एक बाई योगासनं करून राहिली." मी खूप हसलो. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ कशात लक्ष लागलं नाही. माणूस आठवतो म्हणजे नुसता आठवत नाही, त्याच्याबरोबर आपण जसे असायचो तसे आपण आठवतो, आणि तसं पुन्हा होता येत नाही.

पुढच्या फाल्गुनात पळस फुलला तेव्हा आम्ही तिघांनी कशीबशी रजा जमवली आणि गेलो. चाललो, चढलो. माथ्यावर बसून डबे खाल्ले. भूक लागली तेव्हाच खाल्ले. चांगली हवा होती, पळसही उत्तम फुलला होता, कोणाचं काही चुकलं नाही. थोडं बसलो, एकमेकांच्या मुलाबाळांचं विचारलं, आणि उतरलो.

मी घरात शिरलो तेव्हा बायको अजून दुपारच्या पोळ्या लाटत होती.

"हे काय, गेला नाहीत?" तिनं विचारलं.

"जाऊन आलो," मी म्हणालो.

"एवढ्यात?"

मी ओट्याशेजारच्या पाटावर बसलो. एवढी वर्षं आम्ही समजत होतो की तो डोंगर लांब आहे.